बसस्टॉपवरच्या लष्करी मुंग्या

आरेच्या बसस्टॉपवर श्वेताच्या पुढे एक जोडपं उभं होतं. त्यातली बायको एकदम ओरडली,

"राजेश, पाय उचल! मुंग्या बघ, तांदूळ नेतायत."

श्वेतानेही सँडल मागे घेतली.

"तांदूळ नाही गं, पिल्लं आहेत त्यांची. लष्करी मुंग्या या. डोळे नाहीत, तरी चाल बघ. झकास ना?"

"वारूळ कुठेय यांचं?"

"नसतंच. मुक्काम पडेल तिथे एकमेकींचे पाय धरून गोळा होतात. राणी नि पिल्लं मधे. तेच घर."

"आपली बिल्डिंग पाडून नवी होईपर्यंत आपल्याला भाड्याच्या खोल्या दोनच ना?"

"म्हणून तर आईसाठी वृद्धाश्रम बघायला चाललोय. चल, बस आली."

"वृद्धाश्रमात फोन लाव. येत नाही म्हणून सांग."

"अगं, मग आईचा पलंग टाकायचा कुठे?"

"मधे."