गालांवरचं लिंबू

बिबवेवाडीच्या त्या दवाखान्यात बाक एकच होता, त्यामुळे शेजारच्या मायलेकींचं बोलणं हिराबाईंना टाळता येईना.

"उन्हानं भाजलेल्या गालांवर लिंबू चोळतात का गं, आई?"

"रविवारी पाहुणे तुला बघायला येणार. म्हटलं, जरा उजळशील."

"उजळले की! फोड आलेत नुसते."

"मग लगेच कोरफड लावली ना मी? थंड दूधही लावलं."

"लावलंस. फुंकरही घालत होतीस."

"सलोनी, अजून आग होतेय?"

"गालांची कमी झालीय."

आईनं पिशवीतून फोन काढला. मुलाकडच्यांना लावला.

"अहो ताई, रविवारचं बोलायचं होतं. मुलगी आमची सावळी आहे. दिवसभर चौकात उभी राहून वाहतूक सांभाळते. चालणार असेल तरच या."