पाइपवरचा ताल

निश शहरात सकाळी बुरेकच्या, म्हणजे गरम खिमा-चीजच्या पाईच्या, दुकानासमोरच्या रांगेत माझ्यापुढे विदोसावकाका आणि त्यांची शेजारीण नेवेना उभे होते.

“आज बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये त्या वरच्या मजल्यावरच्या उरोशला घराबाहेरच काढतो. रोज संध्याकाळी गिटार! तो थांबावा म्हणून त्याच्या घरापर्यंत जाणारा हीटरचा पाइप बडवून बडवून हात दुखले माझे.”

“आणि आमचे कान, काका.”

“हल्लीच्या पोरांना ना सूर, ना ताल.”

“हा इअरफोन जरा कानात घाला बरं. आपल्या निशच्याच एका पोराचं नवं गाणं आहे.”

“नको मला... थांब. राहू दे जरा.”

“पाय हलतोय, काका.”

“थंडीने हलतोय. हा मागे टण् टण् वाजवणारा कोण गं? पक्का आहे गडी!”

“आवडला?”

“त्याच्यामुळेच तर गाण्यात जीव आलाय.”

“तुम्हीच आहात ते. गाणं उरोशचं आहे. तुम्ही पाइप बडवत होतात, तेव्हा त्याचं रेकॉर्डिंग चालू होतं.”

“मी? पुन्हा लाव बघू ते.”

“लावलं. काका, आता मीटिंगला काय बोलायचं ते ठरलं का?”

“मीटिंग गेली खड्ड्यात. दुसऱ्या कडव्यात मी जरा मागे पडलोय. त्याला म्हणावं, संध्याकाळी पुन्हा घे.”