कुलूप डब्याच्या पिशवीला

दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईचे कान शेजारच्या बाकाकडे होते. तिथे कारखान्यात यंत्रं बसवणारा मामा सुजलेलं बोट धरून बसला होता. सोबत भाची, आजच त्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागलेली.

“यंत्र बंद होतं गं.”

“मग चालू कोणी केलं?”

“ऑपरेटरने. त्याला काय ठाऊक, माझा हात आत आहे?”

“आत हात घालण्याआधी स्विचला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात. सकाळी कोण शिकवत होतं?”

“मीच.”

“आणि तुझं कुलूप?”

“डब्याच्या पिशवीला. लोक भाजी पळवतात.”

शेजारच्या बाईने बाळाची बोटं हळूच मोजून घेतली.

“आई आता मला उद्या पाठवायची नाही.”

“तिला सांग, मामा गाढव आहे.”

“ते तिला लहानपणापासून माहीत आहे. मी सांगेन, मामाच्या खिशातली किल्ली रोज मी तपासणार. मग पाठवेल.”

“म्हणजे शिकाऊ कोण, तू की मी?”

“ज्याचं बोट सुजलंय तो.”