डोळे मिटलेलेच ठेवा

वसुमती : ...मिटले का सगळ्यांनी डोळे? घरातल्यांनी, दवाखान्यातल्यांनीसुद्धा? सरी, छान. आता मनात आणा, तुम्ही एका होडीत बसला आहात. पाणी अगदी संथ. वल्हं कुणाच्या हातात आहे बरं? आज गोष्ट ऐकायला आपल्या स्टुडिओत आलेली ईरा सांगेल.

ईरा : माझ्या हातात. आणि मागं एक ससा... आजी, काच फुटली!

अभिजीत : खाली बसा! अक्का, टेबलाखाली! ईरा, डोकं झाक!

वसुमती : अय्यो, साबीर! अभिजीत, साबीरला लागलं. माझ्यानंतर त्याचा प्रार्थनेचा कार्यक्रम, म्हणून खिडकीपाशी थांबला होता रे.

अभिजीत : दगड थेट जबड्यावर बसलाय. रक्त थांबत नाहीये. टॉवेल फेका इकडे.

ईरा : आजी, आपण अजून टीव्हीवर दिसतोय?

वसुमती : दिसतोय, बाळ. मुलांनो, डोळे मिटलेलेच ठेवा हं. होडी स्वल्प हलली, इतकंच.

अभिजीत : इतकंच? गल्ली भरलीय, अक्का. हातात सळया आहेत. शटर तोडतायत आणि ओरडतायत, टोपीवाल्याला खाली फेका.

वसुमती : पण साबीरनं केलं काय?

अभिजीत : काल ते दवाखान्यातल्या क्षितिजसाठी दुआ मागत होते ना, तेवढाच तुकडा कापून कुणीतरी फिरवलाय. वर लिहिलंय, आजारी पोरांना बाटवतात. पुढं तुम्ही साबीरचाचांच्या बहिणीसाठी देवापुढं हात जोडलेत, ते उडवलं.

ईरा : पण इथं तसंच असतं ना? एकाच्या आजारी माणसासाठी दुसऱ्या धर्माच्या माणसानं मागायचं.

वसुमती : तसंच असतं. स्वतःच्यांसाठी कुणीही मागतं गं. शेजाऱ्यासाठी मागायला शिकावं लागतं, म्हणून तर...

अभिजीत : अक्का, शिकवणी नंतर! मी प्रक्षेपण बंद करतो. खालच्या चहावाल्याच्या टीव्हीवर आपलंच चॅनल लावून बसलेत ते. स्क्रीन काळी झाली की जातील. प्लीज!

वसुमती : पोलीस?

अभिजीत : निघालेत म्हणे. शिवाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये कधी पोचणार! थांबा, फोन वाजतोय. हॅलो? हो ताई... हो, लाइव्हच आहे. अक्का, क्षितिजची आई. जयनगरच्या दवाखान्यातून. त्याला ऑपरेशनला न्यायला आलेत, आणि तो खाट सोडत नाहीये. साबीरचाचांनी दुआ मागितली की मगच जाणार म्हणतो.

ईरा : चाचांना तर तोंडच उघडता येत नाहीये.

वसुमती : मी म्हणते त्याच्यासाठी.

ईरा : तुमचं कसं चालेल, आजी? तुम्ही तर त्याच्याच धर्माच्या, घरच्यांसारख्याच.

अभिजीत : शटर गेलं! जिन्यावर पाय वाजतायत. मी दाराला कपाट लावतो. शेवटचं विचारतोय, बंद करू?

वसुमती : नको. ते पोर पडद्याकडं डोळे लावून बसलंय. काळं काय दाखवायचं त्याला?

ईरा : आजी, चाचांचे ओठ हलतायत. मी कान लावते. ते म्हणतील, मी मोठ्यांदा सांगेन. मग दुआ त्यांचीच ना?

वसुमती : त्यांचीच. ये, माझा माइक तुझ्या कॉलरला लावते. हलू नकोस.

ईरा : तुमच्या साडीवर केवढं रक्त...

वसुमती : साबीरचं आहे. साडीकडं बघू नकोस. त्याच्याकडं कान दे.

अभिजीत : दाराची फळी फुटली! ए भाऊ, आत लहान मुलगी आहे! ऐका ना, लहान मु... आई गं!

वसुमती : अभिजीत!

अभिजीत : सळई घुसवली फटीतून. बोटं मोडली माझी. कॅमेराही पाडला. अक्का, चित्र गेलं. नुसता आवाज जातोय.

वसुमती : ईरा, सोड आता. टेबलाखाली ये. पुरे झालं, बाळ.

ईरा : मुलांनो, चित्र गेलंय. पण तुमचे डोळे मिटलेलेच आहेत ना? मग उघडू नका. क्षितिज, तूपण मीट. वल्हं आता साबीरचाचांच्या हातात दिलंय. ते फार हळू बोलतायत, म्हणून मी सांगते.