त्सोना मावशींच्या दारावरचा फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वाहिनीचे संचालक श्रीमान व्लाईकोव्ह, व्यासपीठावरच्या नगराध्यक्षा बाई, आपल्या रुसे शहरातल्या या सभागृहात जमलेले माझे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत अंगातला कोटही न काढता बसलेल्या त्सोना मावशी, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षमहाराज, आत्ता तुम्ही मला 'प्रोमोची राणी' म्हणालात. आभारी आहे. अर्ध्या मिनिटात माणसाला हसवायचं, रडवायचं आणि रात्री टीव्हीसमोर आणून बसवायचं, हे मी जन्मभर केलं. साबण विकला, निवडणूक विकली, एकदा तर डॅन्यूबचा पूरसुद्धा 'लवकरच' म्हणून जाहीर केला! पण एक प्रोमो माझा नव्हता, आणि गाव मला नेमकं त्याच्यासाठीच ओळखतं. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं म्हणतात. मला नाही जमणार. राग आहे मला.

मी एक लघुपट केला होता. खर्च म्हणाल तर सगळ्यांना पुरेल एवढी चीज भरलेली बानित्सा, तीही मावशींनीच भाजलेली. नटी परवडत नव्हती. शेजारच्या त्सोना मावशींचे यजमान, इलियाकाका, नुकतेच गेले होते. मावशी म्हणाल्या, "नटी कशाला गं? माझ्या इलियाचा चाळिसाव्या दिवसाचा कागद मला दारावर लावायचाच आहे. तू घे काय घ्यायचं ते." आपल्याकडे दारोदार असतातच असे कागद, गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली दोन ओळी. मावशींनी तो चिकटवला, कोपरे तळहाताने दाबले, आणि हात तिथेच ठेवून त्या रडल्या. मी 'कट' म्हणायचंच विसरले.

कॅमेरा वाहिनीचा, म्हणून लघुपटही वाहिनीचा! मी चित्रीकरणासाठी वार्नाला गेलेली असताना व्लाईकोव्हसाहेबांनी ते दृश्य एका प्रोमोसाठी उचललं. इलियाकाकांच्या फोटोच्या जागी विनोदी मालिकेतल्या जावयाचा दात विचकणारा चेहरा बसवला, आणि मावशींच्या हुंदक्यांवर हशा टाकला. काय हसलं गाव! बेकरीवाला म्हणाला, "काय सासूबाई, गेला वाटतं एकदाचा जावई?" मावशींनी पाव तिथेच ठेवला आणि घर गाठलं. त्यानंतर त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही, कारण प्रोमो म्हटलं की नाव माझं.

मी तणतणत साहेबांच्या खोलीत गेले. काय म्हणाले, ठाऊक आहे? "अगं, म्हातारीला फुकटात प्रसिद्धी मिळाली. आणि तुझा लघुपट लावू की, चांगली वेळ बघून." साहेब, कुठली चांगली वेळ? मावशींचाच कागद दारावर लागल्यावरची? लाज कशी वाटली नाही तुम्हाला? बसा, बसा, उठू नका. अजून तुमच्या हस्ते मला पुष्पगुच्छ घ्यायचाय.

मात्र एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्ही म्हणालात, "तुझ्या निरोपाची फीत तूच कर, तुझ्याहून स्वस्तात कोण करणार?" आणि जुन्या फितींची खोली मला उघडून दिलीत. फीत तयार आहे. तिच्यात मी नाही, तुम्ही नाही, हशा तर नाहीच नाही. काल मावशींच्या बंद दाराशी उभी राहून मी म्हटलं, "मावशी, इलियाकाकांना परत जागेवर बसवलंय. बघायला या." दार उघडलं नाही. पण आज त्या आल्या आहेत.

नगराध्यक्षा बाईंचे आणि सर्व सहकाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाला लागलं असेल, तर व्लाईकोव्हसाहेब सोडून बाकीच्यांनी मला माफ करावं. पेंचो, दिवे घालव. आणि मावशी, पुढे या बरं, तिथून काका नीट दिसायचे नाहीत.