पाण्यात ठेवलेला दगड

...आणि पाठीवर काय, तर स्टूल! अहो, लाकडी स्टूल, सासऱ्यांना वाटेत टेकायला; शिवाय किटली, शेगडी, चहाचा डबा, जाडजूड दोर... आणि एवढं बिऱ्हाड पाठीला बांधून मी, सूजोऊचा रेशमी रजयांचा व्यापारी, जन्मभर मऊ मालात हात घातलेला माणूस, कालव्याकाठच्या निसरड्या फरशीवरून उंटासारखा डुलत चाललोय. पुढे आमचे सासरे, जियांगबाबा, ऐंशी उलटलेले, हात मागे बांधून, मालकासारखे. म्हटलं, बाबा, बस थेट तळ्यापर्यंत जाते हो! तर मागे न बघता म्हणतात, "घाई कसली? दगड आहे तो, पळून जातोय थोडाच?"

हां, दगडाचं सांगायचं राहिलंच. तुम्हाला सांगतो, आमच्याकडे बागेतला शोभेचा दगड असा बाजारातून आणून मांडला की झालं, असं नसतं. बापाने तो थायहू तळ्यात सोडायचा, लाटांनी कोरायचा आणि पोराने, नाहीतर नातवाने, बाहेर काढायचा. सासऱ्यांच्या वडिलांनी असाच एक सोडला होता, सासरे कडेवर होते तेव्हा. त्यांच्या घरामागे बाग केवढी, तर माझ्या दुकानातल्या दोन रजया अंथरल्या की संपली. तिच्यात चार बांबू, एक कुंड आणि मधोमध चौथरा. रिकामा! त्याच्यावर कुंडी ठेवायची नाही, मांजर बसू द्यायचं नाही. माझी बायको युन त्या रिकाम्या चौथऱ्याभोवती खेळून मोठी झाली, लग्न होऊन गेली, तरी तो आपला रिकामाच. यंदा थंडी पडली तसे म्हातारबुवा म्हणाले, "डोळ्यांना दिसतंय तोवर त्याला चौथऱ्यावर बघू द्या मला. चला जावईबापू." आता ह्याला नाही कसं म्हणणार? सांगा ना!

पण सरळ जातील तर ते सासरे कसले? तळं पश्चिमेला, तर आम्ही आधी थोंगली गावाला, पूर्वेला! का? तर तिथल्या बागेतल्या दगडांना 'भेटायचंय'. म्हटलं, लोकांचे दगड बघून आपल्याला काय मिळणार? ते आपले स्टूल मांडून बसले, आणि बघतायत कुठे, तर दगडाकडे नाहीच, मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या सावलीकडे. मीही बसलो फरशीवर, पाय बोंबलत होते म्हणून. आणि काय सांगू तुम्हाला... ऊन सरकलं तसा त्या सावलीचा डोंगर झाला, डोंगराला दरी फुटली, दरीतून धुकं वर चढल्यासारखं झालं, आणि मी, जो गिऱ्हाईक सोडून कशाकडे दोन मिनिटं बघत नाही, तो पाय दुखतायत हेच विसरलो! सासरे हळूच म्हणाले, "दगड अंगाने बारीक हवा, तोंडाने सुरकुतलेला, आणि पोटात काही न ठेवणारा." मग तळ्याच्या वाटेवरच्या मूदू गावात पुन्हा तेच. पूल चढा, पूल उतरा, गोल दारातून आत, स्टूल मांडा. ऊन कलायला लागलं, म्हटलं, बाबा, निघू या का? "दगड आहे तो..." पुढचं मीच म्हटलं.

शेवटी पोचलो एकदाचे तळ्यावर. त्यांची चुलत बहीण फांगआत्या होडी घेऊन उभी. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणते, "ह्या खेपेला धाकटा जावई होय? मागल्या खेपेचा जरा दणकट होता." मागल्या खेपेचा! तुम्हाला सांगतो, आमचे थोरले साडू एकाएकी पार उत्तरेला हार्बिनला का राहायला गेले, ते मला त्या होडीत कळलं.

जाळं ओढायच्या कप्पीला दोर लावला, आत्या ओढतेय, मी ओढतोय, हाताची सालटी निघाली, आणि तो वर आला... अहो, दगड नव्हताच तो, ढग होता. प्रत्येक भोकातून पाणी गळतंय, आणि एवढ्या मोठ्या तळ्यात दुसरा आवाज नाही. ज्याने तो सोडला त्याने हे पाहिलंच नव्हतं, आणि पाहणार नाही हे ठाऊक असूनच सोडला होता!

मग म्हातारबुवांनी चहा करायला लावला. मला वाटलं, चला, घसा तरी ओला होईल. कसला! अख्खी किटली दगडाच्या डोक्यावर ओतली! माथ्यावर ओतलेला चहा एकूण एक भोकातून गळला तर दगड तयार झाला, अशी ती परीक्षा. सगळ्यांतून गळला, एक भोक कोरडं. सासरे वाकले, मलाही वाकवलं. त्या भोकात आत कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा राहिला होता, आणि त्यातून मावळतीचा उजेड लालसर झिरपत होता.

म्हटलं, बाबा, एवढंच ना? मी बोटाने टोचतो, कुणाला कळणार नाही.

त्यांनी माझं बोट हातात धरलं, हळूच, लहान पोराचं धरावं तसं. "मागल्या खेपेला दोन बंद होती," म्हणाले. "इतकी वर्षं तळं घासतंय, आणि शेवटचा हात तुम्ही मारणार? त्याचं काम त्यालाच संपवू द्या."

"मग तुम्ही कधी बघणार?"

"बघितला की आत्ता."

आणि आत्याला म्हणाले, सोड. दगड पुन्हा पाण्यात! हातांना फोड आले ते मला, आणि डोळे पुसतेय आत्या.

परत आलो. चौथरा रिकामाच. पण म्हातारबुवांना आता त्याच्याकडे बघितल्याशिवाय चहा जात नाही. तेव्हा रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी त्याच्यावर दगडाच्या जागी बसतो. हसताय काय? मान तिरकी करून माझ्याकडे बघतात आणि युनला सांगतात, "सुरकुत्या पडायला लागल्यात. पोटात काही ठेवत नाहीच, भेटेल त्याला सांगत सुटतो. फक्त बारीक व्हायला हवा." मी म्हटलं, बाबा, त्याला वेळ लागेल. तर म्हणाले, "लागू दे. जावई आहे, पळून जातोय थोडाच?"

...हार्बिनची गाडी कुठून सुटते हो?