सोमवारचा मुहूर्त

परभणीच्या स्टँडवर पालमच्या बसची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर नवरा-बायको येऊन बसले. त्यानं आपला लुळा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला.

"गाडीचं काय म्हणला मिस्त्री?" तिनं विचारलं.

"गिअरबॉक्स गेलाय म्हणला. ऑटोमॅटिक हाय, आपोआप गिअर पडायचा, डबल क्लचचा; हितं कुणी खोलत न्हाई."

"पण घेतली तवा तर झ्याक पळत हुती."

"तवा सूर्य उगवायचा मुहूर्त हुता. नारळ फोडला आन थंड्या वक्ताला घरी आणली. आता ऊन तापलं, गर्दीत अडकली, की हिसके मारती. मग गिअरच पडत न्हाई."

"आधीच्या मालकाला ठाव असंल की!"

"तर! मुहूर्त ऐकून लय खूश झाल्ता. सकाळीच न्या म्हणला."

"वाटोळं हुईल मेल्याचं."

"झालं त्ये झालं."

"साधी गाडी घ्या की मग."

"साध्या गाडीला क्लच दाबायला डावा पाय लागतो, महेश्वरी."



"मग हिचं काय करायचं?"

"गिऱ्हाईक हाय एक, पाथरीचं. फोन आल्ता."

"त्याला कशाला पायजे असली ऑटोमॅटिक?"

"त्याच्याबी डाव्या पायात जोर न्हाई."

"सांगितलाव का त्याला, तापल्यावर बंद पडती म्हणून?"

"न्हाई."

"कवा येणार हाय?"

"सोमवारी. सूर्य उगवायचा मुहूर्त काढलाय त्यानं."

"आवो, मग तुमी काय म्हणलाव?"

"या म्हणलं."